मोराचं डोकं कुठे गेलं?



एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. तिला घरातल्या खोलीत टेबल मांडून फळं, भांडी, बाटल्या अशा स्थिर वस्तूंचे फोटो काढायचेत, तेही १२० नंबरच्या मोठ्या फिल्मवर. पैसे दोन वर्षं साठवलेत. ती विचारते, ‘हॅसलब्लाडच घेऊ ना? तो चंद्रावर गेला होता!’

गेला होता खरा, १९६९ साली. पण तुला जायचंय टेबलावरच्या संत्र्यापर्यंत!

माझीच फजिती सांगतो. मी हौसेने जुना दोन भिंगांचा कॅमेरा घेतला. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. आजीची समई मावशीकडे जायची होती, म्हणून जवळून बारा फोटो काढले. फिल्म धुऊन आली, तर एकाही फोटोत समईवरच्या मोराला डोकं नाही! दूरच्या डोंगराला दोन इंचांचा फरक कळत नाही, जवळच्या समईला कळतो. तोवर समई गेलीसुद्धा.

म्हणून ज्यातून बघायचं त्याच भिंगातून फोटो निघतो, असाच कॅमेरा घे. हॅसलब्लाड ५०० सी/एम तसाच आहे, आणि झकास आहे. पण त्याचं नेहमीचं ८० मिलिमीटरचं भिंग ९० सेंटिमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट दाखवत नाही. आणखी जवळ जायला मध्ये नळकांडी बसवायची, त्यांचे पैसे वेगळे.

मामिया आरबी ६७ला मात्र पेटीसारखा भाताच असतो. ९० मिलिमीटरचं भिंग लावून भाता पूर्ण ताणला, की सात सेंटिमीटरचं संत्रं फिल्मवर साडेतीन सेंटिमीटरचं उमटतं. चौकट साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेचार पट. आडव्याचा उभा फोटो हवा? कॅमेरा तसाच ठेवून नुसती पाठ फिरवायची. वजन अडीच किलोच्या पुढे, पण संत्रं कुठे पळून जातंय? दणकट तिकाटणं मात्र हवंच. आणि हो, भाता इतका ताणलास तर प्रकाश सव्वादोन पट द्यावा लागतो, नाहीतर फोटो काळपट येईल.

माझं मत आरबीला. हे दोन्ही कॅमेरे आता जुनेच मिळतात, तेव्हा पैसे मोजण्याआधी अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत बॅटरी लावून बघ. बाहेर चांदणी चमकली, तर भात्याला भोक आहे. दुकानदार काहीही म्हणो, तो कॅमेरा घेऊ नकोस!