हातचा राहिला

मागच्या रविवारी भाचीला गाडीत घालून राळेगणसिद्धीला गेलो. नववीच्या चाचणीत गणितात तिची विकेट पडलेली. ताईचं फर्मान, ‘तुझ्याशी तरी बोलते का बघ.’ राळेगणच का? तर नापास मुलांना आवर्जून घेणारी शाळा म्हणून इथल्या शाळेचं नाव मी कॉलेजात ऐकलं होतं. (हे तिला सांगितलं नाही. मामाला तेवढी अक्कल आहे!)

बंधारे बघून झाले, चहा झाला, बाईसाहेब गप्पच. शेवटी मी मोबाइलवर ११ चा वर्ग काढला. १२१. मग १११ चा, १२३२१. तिने मोबाइल ओढूनच घेतला. नऊ एक्क्यांच्या वर्गाला १२३४५६७८९८७६५४३२१! देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांना या आकड्यांनी असंच वेड लावलं होतं, हे तिला सांगितलं. त्यांनी यांना नाव दिलं ‘डेम्लो’, चक्क डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. लोकलवाल्यांनो, कॉलर ताठ करा.

दहा एक्क्यांना कॅल्क्युलेटरने हात टेकले. मग तिने वहीत गुणाकार मांडला. मधल्या रकान्याची बेरीज आली १०, ती तिने तशीच लिहून टाकली: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. हातचा घेतलाच नाही. खरं उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. मी दाखवलं तर वही मिटली. म्हणाली, ‘बघ मामा, इथेही नापास.’

परतताना गाडीत एक शब्द नाही. मलाच टोचत होतं, चूक दाखवायची एवढी घाई काय होती?

रात्री लॅपटॉपवर तिचा तो चुकलेला आकडा घातला. अंकांची बेरीज ९१, म्हणजे तीनने भाग जात नाही. (९१ स्वतः मूळ संख्या वाटते ना? सात तेरे एक्क्याण्णव!) टोक १, म्हणजे दोन आणि पाचही बाद. पण मूळ संख्या ठरायची तर साधारण ३ अब्ज ५१ कोटींपर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जाता कामा नये. हाताने करायला घेतलं तर जन्म जाईल. कॉम्प्युटरने डोळ्याचं पातं लवायच्या आत निकाल दिला: मूळ संख्या. वीस अंकी! एक आणि ती स्वतः सोडून कोणाच्या बापाला दाद देत नाही. बरोबर उत्तर मात्र कोणाचा तरी वर्ग, त्यामुळे ते फुटणारच. गंमत म्हणजे हा आकडा उलटा वाचला तर तोच येत नाही. मधला १० उलटा होऊन ०१ होतो. तिने न घेतलेला हातचा तिथेच बसलाय.

साडेअकराला तिला सगळं मेसेज केलं. झोपली असेल म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात उत्तर आलं.

‘मग मार्क किती?’

आणि दोन मिनिटांनी, ‘अकरा एक्के घेतले तर?’