सामाईक टाकीचे अर्थशास्त्र

नांदेडहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील हदगावसारख्या तालुक्याच्या गावी गेल्या काही वर्षांत घराची कल्पनाच पालटू लागली आहे. जेथे माळवदाची घरे, मोठे चौक आणि परसातले आड होते, तेथे आता तीन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहत आहेत. मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यातून आलेला शेतकरी, बदलीवर आलेला कारकून, शाळा-महाविद्यालयातील शिक्षक अशी मंडळी या इमारतींत सदनिका घेऊन किंवा भाड्याने राहतात. साधे, आरोग्यदायी आणि निसर्गाला न ओरबाडणारे राहणे या नव्या घरात कसे साधावे, हा प्रश्न वरवर पाहता वैयक्तिक सवयींचा वाटतो. वस्तुतः तो हिशेबाचा प्रश्न आहे.

जुन्या घरात हा हिशेब डोळ्यांसमोर असे. आडाचे पाणी खाली गेले की दोर वाढवावा लागे आणि घरातील प्रत्येकाला ते कळे. न्हाणीचे पाणी अळवाच्या वाफ्याला किंवा केळीच्या अळ्याला मिळे. उष्टे-खरकटे जनावराला जाई आणि शेणकचरा उकिरड्यावरून शेतात पोहोचे. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ते पाणी शेंदणारे हात बायकांचे होते आणि मैला वाहणारे हात एका विशिष्ट समाजावर लादलेले होते. तो काळ परत यावा असे कोणी म्हणणार नाही. तथापि वापरणाऱ्याला वापराची किंमत दिसण्याची त्या घरातील सोय नव्या घरात नाहीशी झाली, हेही नाकारता येत नाही.

सदनिकेत बटण दाबले की मोटार सुरू होते, तोटी फिरवली की पाणी येते आणि कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवली की ती नाहीशी होते. देखभालीचा खर्च सर्व बिऱ्हाडांत सारखा वाटला जातो. परिणामी दिवसाला दोनशे लिटर वापरणारे कुटुंब आणि हजार लिटर वापरणारे कुटुंब यांचे देणे एकच राहते. काटकसर करणाऱ्याने वाचविलेले पाणी शेजाऱ्याच्या गाडी धुण्यात जाते. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाची जी शोकांतिका वर्णिली, तिचेच हे छोटे रूप होय. कुरण सर्वांचे असले की प्रत्येकाला आपले एक जनावर वाढविण्यात लाभ दिसतो आणि कुरण मात्र उजाड होते. इमारतीतील गच्चीवरची टाकी हे असेच एक कुरण आहे.

हे कुरण उजाड झाले म्हणजे काय होते, हे मराठवाड्याला निराळे सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका फेरीत पंचवीस लाख लिटर आणू लागली. त्या महिन्यांत लातूरच्या इमारतींतील लोकांनी जे शिकून घेतले, ते पाऊस पडताच विसरले जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

बारा बिऱ्हाडांची, सुमारे अठ्ठेचाळीस माणसांची एक इमारत उदाहरणादाखल घेऊ. नागरी पाणीपुरवठ्याचे माणशी १३५ लिटरचे प्रमाण धरले, तर या इमारतीस दिवसाला ६,४८० लिटर पाणी लागते. शौचालयातील जुन्या पद्धतीच्या टाकीतून एका वेळी दहा लिटर पाणी जाते. माणशी पाच वेळा धरल्यास दिवसाला २,४०० लिटर पाणी केवळ याच कामी खर्च होते. तीन आणि सहा लिटरची दुहेरी कळ असलेली टाकी बसविली, तर दीड हजार लिटरहून अधिक पाणी वाचते. म्हणजे एकूण गरजेचा जवळजवळ चौथा भाग. ज्याला एवढा खर्च परवडत नाही, त्याने जुन्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवली तरी प्रत्येक वेळी लिटरभर पाणी वाचते आणि इमारतीचा दिवसाचा लाभ २४० लिटर होतो. जलशुद्धीकरण यंत्रातून एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी वाया जाते. ते बादलीत धरले, तर फरशी पुसण्यास आणि भांडी विसळण्यास पुरते.

पावसाचा हिशेबही करून पाहावा. अडीचशे चौरस मीटरच्या गच्चीवर वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातील ऐंशी टक्के पाणी हाती लागले, तर ते १ लाख ८० हजार लिटर भरते. इमारतीची अठ्ठावीस दिवसांचीच गरज त्यातून भागेल. गच्चीच्या पाण्याने वर्ष निघते हा प्रचार म्हणूनच खरा नव्हे. परंतु तेच पाणी गाळून विंधन विहिरीभोवती मुरविले, तर काळ्या पाषाणाच्या भेगांत जेवढे मावेल तेवढे तरी साठते. उन्हाळ्यात विकतच्या टँकरच्या चार खेपा कमी झाल्या तरी तो खर्च भरून निघण्यास आरंभ होतो.

पाण्याच्या टंचाईतूनच आरोग्याचा प्रश्न उद्भवतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पिंप, हौद आणि बादल्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून कोरडी करावीत असे सांगितले जाते. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात, यास्तव भांडे घासले पाहिजे. अकरा बिऱ्हाडांनी कोरडा दिवस पाळला आणि बाराव्याने पिंप तसेच ठेवले, तर डास अकरांनाही सोडणार नाही. स्वच्छता ही येथे खाजगी सद्गुण राहत नाही, ती सामुदायिक गरज होते.

कचऱ्याचीही गोष्ट अशीच आहे. ओला आणि सुका कचरा उगमापाशीच वेगळा करावा, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. पण कित्येक घरांतून आजही एकच पिशवी घंटागाडीत पडते. त्या पिशवीतील भाजीची देठे, काचेचा तुकडा आणि मुलाचे लंगोट पुढे कोणीतरी हाताने निवडतो. घरात वाचविलेले अर्धे मिनिट त्या माणसाच्या बोटांवर निघते. बारा बिऱ्हाडांचा ओला कचरा दिवसाला पाच-सहा किलोच्या आसपास भरेल. आवारात विटांचे दोन हवेशीर चौकोन बांधून त्यात कचऱ्यावर पालापाचोळा किंवा भुसकट पसरत गेल्यास दुर्गंधी येत नाही आणि दोन-तीन महिन्यांत खत तयार होते. भूमिगत गटारे नसलेल्या गावी इमारतीची मदार सेप्टिक टाकीवर असते. ती भरून वाहू लागेपर्यंत थांबणे आणि मग कोणा मजुराला आत उतरविणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. दर दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसा करण्याची तरतूद देखभाल खर्चातच असावयास हवी.

येथे एक आक्षेप संभवतो. पाण्याचा मोठा वाटा शेतीला, त्यातही उसाला जात असताना मध्यमवर्गीयाच्या बादलीवर डोळा का ठेवावा? आक्षेप रास्त आहे. इमारतीतील काटकसरीने पीकरचना बदलणार नाही आणि शासनाची जबाबदारीही कमी होणार नाही. परंतु विंधन विहीर आटते ती त्या इमारतीची आणि तिच्या शेजाऱ्यांची. टँकरचे पैसे द्यावे लागतात तेही तेथील रहिवाशांनाच. आपल्या हातातील हिशेब न मांडणाऱ्याला धरणाच्या पाण्याचा हिशेब विचारणेही अवघड जाते.

हार्डिन यांच्या निराशेला एलिनोर ऑस्ट्रम यांनी उत्तर दिले. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या या पहिल्या महिला होत. लोक एकत्र बसून नियम करतात, वापरावर स्वतः देखरेख ठेवतात आणि नियम मोडणाऱ्याला प्रथम सौम्य, मग कडक समज देतात, तेथे सामाईक साधन टिकते, असे त्यांनी जगभरच्या उदाहरणांतून दाखविले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने तेच केले. पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, पिण्याचे पाणी आधी राखावयाचे आणि उरलेल्यावर पिके ठरवावयाची, ही तेथील रीत आहे. गावाला जे जमले, ते बारा बिऱ्हाडांना जमू नये असे काही नाही.

कायद्याची चौकटही उपलब्ध आहे. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९७० चा अपार्टमेंट मालकी कायदा यांनी सदनिकाधारकांना एकत्र येऊन नियम करण्याचा अधिकार दिला आहे. सदनिकेगणिक जलमापक बसवावा, ठराविक मर्यादेपलीकडील वापरास चढा दर लावावा आणि दरमहा प्रत्येक बिऱ्हाडाचा आकडा जिन्याखालच्या फळ्यावर लिहावा. या बैठकीत भाडेकरूलाही बोलावले पाहिजे, कारण पाणी तोही वापरतो आणि खर्चही सोसतो. जलमापकाला पैसे नसतील, तर मोटार रोज किती वेळ चालली एवढे जरी फळ्यावर लिहिले, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.

तोटी बंद करावी, कचरा वेगळा करावा, हे सर्वांनाच ठाऊक आहे. उपदेशाची उणीव या देशात कधीच नव्हती. उणीव आहे ती चार शेजाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आकडे वाचण्याची. ती बैठक पावसाळ्यात भरली, तर पुढच्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभे राहून भांडण्याची वेळ कदाचित येणार नाही.