पिकअप, कातळ आणि कुडोपी

रॉक क्रॉलिंगसाठी पिकअप घ्यायचीय? मग हॉर्सपॉवर नंतर बघा. आधी लो रेंज गिअर आणि मागचा डिफरन्शियल लॉक. पिकअपचा व्हीलबेस लांब, पोट दगडाला टेकतंच, म्हणून खाली स्किड प्लेट हवी. टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते, तीही फुकटात! मनमानी बदल मात्र नकोत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेच कान उपटलेत.

आणि राव, मालवणच्या सड्यावर गाडी घालू नका. कुडोपीची कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. जांभ्यावरची रेघ एकदा झिजली की परत येत नाही. त्यापेक्षा मालकाला विचारून एखादी बंद चिरेखाण गाठा. थरार तोच, पाप नाही!