बोलक्या यंत्राचा जबाबदार कोण?

कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह सदोष निघून कोणी भाजले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकाकडे भरपाई मागता येते. मग बोलक्या यंत्राने मुलाला अपाय केल्यास? अमेरिकेत फ्लॉरिडातील १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर आईने २०२४ साली कॅरेक्टर एआय कंपनीवर दावा लावला. चॅटबॉटचे बोलणे हे भाषणस्वातंत्र्यच, असा बचाव झाला. मे २०२५ मध्ये न्यायाधीशांनी तो त्या टप्प्यावर मानला नाही. मला हे योग्य वाटते. पुढचा संभाव्य शब्द गणिताने निवडणाऱ्या यंत्राला कसले आले मत? गप्पा लांबत राहाव्यात ही रचना मात्र माणसांची. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुक्त गप्पा बंद केल्या. म्हणजे ते करता येत होते!