डोळ्यांत साठलेले, कानांत राहिलेले

सिनेमा काढायचा तर पैसा आणि मुंबईची ओळख हवी, असे आपल्या घरांतून बोलले जाते. नागराज मंजुळे यांचे काम पाहिले की खरे भांडवल वेगळेच असल्याचे कळते.

मंजुळे वडार समाजातले, करमाळा तालुक्यातील जेऊरचे. आपल्या माण, आटपाडी, जतला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यातला हा भाग. २०१३ साली त्यांनी 'फँड्री' केला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. पोरे ज्या शब्दाने जब्याला चिडवतात, तोच शब्द त्यांनी चित्रपटाला नाव म्हणून दिला. जब्या झालेला सोमनाथ अवघडे केम गावचा, हलगी वाजवणारा मुलगा. त्याला या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

त्यातला एक प्रसंग पाहा. मेलेले डुक्कर बांबूला बांधून जब्याचे कुटुंब शाळेपुढून जाते. मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. कोणी भाषण करत नाही. अशा भिंती आपल्याही गावोगावच्या शाळांना आहेत. आपण त्यांच्यावरून रोज जातो. मंजुळे तिथे थांबले.

आवाजाचेही तसेच. 'सैराट'मध्ये (२०१६) करमाळ्याकडची बोली जशीच्या तशी ठेवली आहे. अजय-अतुल यांच्या गाण्यांनी महाराष्ट्र नाचला, आणि शेवटी त्याच चित्रपटातला सारा आवाज काढून घेतला. उरली फक्त लहान मुलाची रक्ताने माखलेली पावले. जातीपायी झालेल्या खुनानंतर घरात काय उरते, ते त्या शांततेने सांगितले.

आपली मुले सातारा-सांगलीच्या कॉलेजात घरची बोली दाबून बोलतात. हलगीचे नाव निघाले की काही जण मान खाली घालतात. गावकीची सक्ती आपल्या वडीलधाऱ्यांनी झुगारली, ते योग्यच झाले. परंतु दुसऱ्याच्या हुकमाने वाजवणे वेगळे आणि आपली हकिकत आपण होऊन सांगणे वेगळे. हा फरक मुलांना समजावून दिला पाहिजे.

आज बहुतेक घरांत मोबाइल आहे. त्यावर आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांची ऊसतोडीची हकिकत, जयंतीच्या आदल्या रात्रीची वस्तीतली धांदल मुलांनी टिपून ठेवावी. कोणी, कुठे, कोणत्या साली, हेही वहीत लिहावे. पुढे त्यातून सिनेमा होईल किंवा होणार नाही. पण म्हातारी माणसे थांबत नाहीत. येत्या रविवारीच सुरुवात करा.