विद्यापीठ बदलणे म्हणजे धरसोड नव्हे

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या मध्यातच विद्यापीठ बदलणारी मुले धरसोड वृत्तीची, हे गेल्या अंकातील पत्रातले विधान अन्यायकारक आहे. वडिलांची बदली, आजारपण, न झेपणारे शुल्क यांतले काय मुलांच्या हातात असते? आणि ही वाट सोपी मुळीच नाही. रिक्त जागा, ना-हरकत दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, आणि सर्वांत जाचक म्हणजे अभ्यासक्रमाची समकक्षता! इकडे चौथ्या सत्रात असलेला विषय तिकडे तिसऱ्यातच संपलेला असतो. मग चालू विषयांच्या जोडीने त्याचीही परीक्षा द्यावी लागते. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता यावेत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे नियम आणले खरे, पण खात्यात श्रेयांक असले म्हणून हा विषय चुकत नाही. समकक्षतेचा निर्णय प्रवेशाआधी लेखी मिळावा, ही मागणी पत्रलेखकांनी करायला हवी होती.

– एक पालक