आधी पोहरा तपासा!



‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण आपण मुलांना शिकवतो. पण कधी कधी आडात पाणी भरपूर असतं आणि पोहराच गळका असतो. मग दोष कुणाचा? आज ज्या उपकरणाबद्दल लिहिते आहे, त्याचं काम पोहरा तपासण्याचंच आहे. त्याचं नाव प्रिसिजन पल्स जनरेटर. प्रयोगशाळेत त्याला नुसतं ‘पल्सर’ म्हणतात (आकाशातला पल्सर तारा वेगळा बरं का!). मी प्राथमिकची शिक्षिका, अणुविज्ञान काही माझा विषय नाही. तरीही माझं स्पष्ट मत आहे की या उपकरणामागचा विचार प्रत्येक शाळेत पोहोचायला हवा.

आधी ते कुठे वापरतात ते पाहू. किरणोत्सारी पदार्थातून गॅमा किरण बाहेर पडतात. प्रत्येक पदार्थाच्या किरणांची ऊर्जा ठरलेली असते. उदाहरणार्थ, सिझियम-१३७ ची ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. ही ऊर्जा मोजली की पदार्थ ओळखता येतो. किरण जर्मेनियमच्या डिटेक्टरवर पडला की आत सुमारे सव्वादोन लाख इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ऐकायला आकडा मोठा वाटतो, पण तो विद्युतभार अगदी चिमुकला असतो. प्रीअँप्लिफायर आणि अँप्लिफायर त्याला मोठं करतात. मग मल्टीचॅनेल अॅनालायझर प्रत्येक स्पंद त्याच्या उंचीप्रमाणे वेगवेगळ्या खणात टाकतो आणि पडद्यावर शिखरं दिसू लागतात.

आता समजा, शिखर चुकीच्या जागी आलं किंवा फारच पसरट आलं. दोष नमुन्यात, डिटेक्टरमध्ये की पुढच्या यंत्रात? इथे पल्सर कामाला येतो. तो डिटेक्टरसारखेच विजेचे स्पंद तयार करतो, झटकन चढणारे आणि सावकाश उतरणारे. फरक एवढाच की या स्पंदांची उंची आपण ठरवलेली असते. आपल्याला माहीत असलेलं माप आत ओतायचं आणि बाहेर काय येतं ते बघायचं!

वापरण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पल्सरची केबल प्रीअँप्लिफायरच्या ‘टेस्ट’ लिहिलेल्या जागी जोडतात. स्पंद डिटेक्टरच्या स्पंदाच्याच दिशेचा, म्हणजे धन किंवा ऋण, ठेवतात. सुरुवातीला सिझियमचं शिखर घेतात. मग पल्सरची मुख्य डायल ६६२ वर ठेवून, दुसऱ्या बटणाने त्याचं शिखर सिझियमच्या शिखरावर आणून बसवतात. आता डायलवरचा आकडा म्हणजेच ऊर्जा! पुढच्या तपासणीला किरणोत्सारी पदार्थाची गरजच नाही. डायल ३३१ वर आणली की शिखर ३३१ च्याच जागी यायला हवं. अशा आठ-दहा नोंदी घेऊन आलेख काढायचा. रेघ सरळ आली तर यंत्र प्रामाणिक. वाकली तर कुठे वाकली तेही कळतं.

दुसरी तपासणी रुंदीची. पल्सरचा प्रत्येक स्पंद जवळजवळ सारखाच असतो. म्हणून त्याचं शिखर जेवढं रुंद दिसेल, तेवढा यंत्राचा स्वतःचा गोंगाट. कोबाल्ट-६० च्या १३३२ च्या शिखराची रुंदी २ आली आणि पल्सरची १.२, असं समजा. मग वर्गातून वर्ग वजा करायचा : ४ वजा १.४४ म्हणजे २.५६. त्याचं वर्गमूळ १.६. एवढा वाटा डिटेक्टरचा. सातवी-आठवीच्या मुलाला जमेल असं गणित आहे!

तिसरी तपासणी मोजणीची. पल्सर सेकंदाला ५० स्पंद देत असेल तर १०० सेकंदांत ५००० व्हायला हवेत. शेजारी किरणोत्सारी नमुना ठेवला आणि पल्सरचे ४८०० च मोजले गेले, तर २०० हरवले. म्हणजे यंत्र कामात गुंतलेलं असताना १०० तले ४ स्पंद निसटतात. नमुन्याच्या मोजणीतही तेवढी भर घालावी लागते.

दोन गोष्टी मात्र विसरायच्या नाहीत. गोंगाट मोजताना डिटेक्टर जोडलेला आणि त्याचा विद्युतदाब चालू हवा. नाहीतर ती तपासणी खऱ्या कामाच्या परिस्थितीतली होत नाही. आणि पल्सरचं शिखर सुरेख आलं म्हणून डिटेक्टर चांगला ठरत नाही, कारण हा स्पंद डिटेक्टरच्या आत निर्माण झालेलाच नसतो. कोणती तपासणी कशाबद्दल बोलते आणि कशाबद्दल गप्प राहते, हे कळणं हेच खरं शहाणपण.

आता आपल्याकडे वळू. आपण वर्षभर चाचण्या घेतो. मुलाला दहापैकी तीन मिळाले की ‘कच्चा आहे’ असा शिक्का तयार असतो. तो शिक्का पुसायला किती वर्षं लागतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण चाचणीची चाचणी कोण घेतं? ज्या मुलांना तो घटक पक्का येतो हे आपल्याला ठाऊक आहे, अशा तिघा-चौघांना आधी तो पेपर सोडवायला द्या. तीही अडखळली, तर प्रश्नाची भाषा तपासा. हाच आपला पल्सर! आणि तोही परीक्षेसारख्याच वातावरणात. अर्थात पेपर बिनचूक निघाला तरी मुलाच्या मनाचं सगळं त्यातून कळत नाही, हेही ध्यानात ठेवू.

विज्ञानाच्या तासाला एक सोपी कृती घ्या. तराजूने काहीही तोलण्याआधी रिकामी पारडी समान आहेत का ते मुलांना पाहू द्या. मग एक किलोचं वजन डाव्या पारड्यात आणि तोलून पाहिलेलं सामान उजव्यात, नंतर अदलाबदल. उत्तर बदललं तर का बदललं, यावर मुलांनाच बोलू द्या. पालकहो, हे घरी स्वयंपाकघरातल्या काट्यावरही होईल. माहीत असलेलं वजन ठेवा आणि काटा खरं बोलतो का ते मुलाला विचारा.

पुस्तकं मुलांना विज्ञानाची उत्तरं देतात. त्या उत्तरांवर विश्वास का ठेवायचा, हे मात्र आपणच शिकवायला हवं. पुढच्या वेळी एखाद्या मुलाच्या नावापुढे कमी गुण लिहिताना क्षणभर थांबू या आणि आधी पोहरा तपासू या.